आरशातले नाते आणि आरशाबाहेरचे

टार्टारिक आम्लाच्या चार बाटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या आहेत, असे धरून चालू. चारही बाटल्यांत पांढरी, आंबट भुकटी आहे. कोणत्याही बाटलीतल्या रेणूचे विश्लेषण केले तरी उत्तर एकच येते: चार कार्बन, सहा हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, हेही चौघांत तंतोतंत सारखे. पण भुकटी तापवायला घेतली की फरक दिसू लागतो. पहिल्या दोन बाटल्यांतली भुकटी १७० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. तिसरी २०६ अंशांपर्यंत तग धरते. चौथी १४७ अंशांच्या सुमारासच वितळून जाते. २० अंश तापमानाच्या १०० मिलिलिटर पाण्यात पहिल्या दोन्ही बाटल्यांतले आम्ल जवळजवळ १४० ग्रॅम विरघळते, चौथीतले १२५ ग्रॅमच्या आसपास आणि तिसरीतले जेमतेम २१ ग्रॅम.

चिंचेला आंबट करणारे आम्ल पहिल्या बाटलीतले आहे. द्राक्षांतही तेच असते. दुसऱ्या बाटलीतले आम्ल वितळबिंदू, घनता, विद्राव्यता या सगळ्यांत पहिल्यासारखेच वागते. मग ती बाटली वेगळी का ठेवायची? कारण ध्रुवीकृत प्रकाशाचा किरण दोघांच्या द्रावणांतून सोडला, तर पहिले द्रावण त्याचे प्रतल उजवीकडे वळवते आणि दुसरे तेवढ्याच अंशांनी डावीकडे. तिसरे आणि चौथे द्रावण किरणाला मुळीच वळवत नाही. म्हणजे ज्या दोन बाटल्या बाकी सगळ्या बाबतींत सारख्या, त्या प्रकाशाच्या कसोटीवर एकमेकींच्या विरुद्ध. आणि ज्या दोन या कसोटीवर सारख्या ठरल्या, त्यांचे वितळबिंदू साठ अंशांनी दूर.

या चार बाटल्यांत मिळून रेणूचे प्रकार मात्र तीनच आहेत. हा हिशेब ज्याला नीट उलगडला, त्याला स्टिरिओआयसोमरांचा सगळा व्यवहार कळला असे मी समजतो. स्टिरिओआयसोमर म्हणजे अणूंची जोडणी तीच, पण अवकाशातली मांडणी वेगळी असलेले रेणू. त्यांच्याबद्दल बोलताना वापरली जाणारी एनॅन्शिओमर आणि डायस्टिरिओमर ही नावे एकट्या रेणूला लागत नाहीत. ती दोन रेणूंमधल्या नात्याची नावे आहेत. ‘हा रेणू डायस्टिरिओमर आहे’ एवढेच कोणी म्हटले, तर लगेच विचारावे, कोणाचा?

तिसऱ्या बाटलीतले आम्ल १८१९च्या सुमारास आल्सासमधल्या थान गावी, केस्टनर यांच्या टार्टारिक आम्लाच्या कारखान्यात नको असलेला पदार्थ म्हणून हाती लागले. पुढे १८४४ मध्ये बर्लिनच्या मित्शेर्लिखने एक टिपण प्रसिद्ध करून रसायनशास्त्रज्ञांना कोड्यात टाकले. टार्टारिक आम्लाचा सोडियम-अमोनियम क्षार आणि या चमत्कारिक आम्लाचा तसाच क्षार स्फटिकरूपात सर्वस्वी सारखे दिसतात, तरी एक प्रकाश वळवतो आणि दुसरा वळवत नाही, असे त्यात म्हटले होते. पॅरिसमध्ये एकोल नॉर्मालला काम करणाऱ्या लुई पाश्चरला हे पटेना. १८४८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने तो क्षार स्वतः तयार केला आणि स्फटिक एकेक करून भिंगाखाली पाहिले.

प्रत्येक स्फटिकाच्या कडेला एक बारीक तिरका पैलू होता. काही स्फटिकांत तो उजव्या अंगाला होता, काहींत डाव्या. पाश्चरने चिमट्याने स्फटिक उचलून दोन ढीग केले, दोन्हींचे सारख्या वजनाचे स्फटिक घेऊन वेगवेगळी द्रावणे केली आणि ती ध्रुवणमापीत ठेवली. एका द्रावणाने किरण उजवीकडे वळवला, दुसऱ्याने तितकाच डावीकडे. दोन्ही एकत्र केली की वळण शून्य. प्रकाशाचे हे वळणे १८१५ मध्ये सेंद्रिय द्रवांत प्रथम दाखवणारे ज्याँ-बातिस्त बियो तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी पाश्चरला बोलावून घेतले, रसायने स्वतः दिली, क्षार आपल्या डोळ्यांदेखत करायला लावला आणि माप स्वतः घेतले. त्यांची खात्री पटली.

पाश्चरला हवामानाचीही साथ होती. हा क्षार साधारण २७ अंशांच्या खालीच असा दोन वेगळ्या स्फटिकांत विभागून बसतो. त्याहून उबदार द्रावणात उजवे आणि डावे रेणू एकाच स्फटिकात शेजारी बसतात आणि निवडायला काही उरतच नाही. आपल्याकडच्या वैशाखात, साध्या खोलीत हा प्रयोग फसला असता.

तिसऱ्या बाटलीचा उलगडा असा झाला: तो निराळा रेणू नाही, पहिल्या दोघांचे निम्मे-निम्मे मिश्रण आहे. अशा मिश्रणाला रेसिमिक म्हणतात. त्याचा वितळबिंदू वेगळा येतो, कारण स्फटिक बांधताना उजवा रेणू डाव्याशेजारी बसतो आणि ही रचना अधिक घट्ट होते. पाण्यात विरघळला की तो स्फटिक मोडतो आणि उजवे-डावे रेणू आपापल्या वाटेने हिंडू लागतात. चौथ्या बाटलीतले आम्ल मात्र पाश्चरला १८५३ मध्ये मिळाले. तेही प्रकाश वळवत नव्हते, पण कितीही प्रयत्न केले तरी त्याचे दोन भाग होईनात. त्याचे नाव मेसो टार्टारिक आम्ल.

असे का, याचे उत्तर १८७४ मध्ये आले. हॉलंडचा बावीस वर्षांचा व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचा ल बेल या दोघांनी एकमेकांशी सल्लामसलत न करता एकच कल्पना मांडली. कार्बनचे चार बंध एका प्रतलात नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. चारही कोपऱ्यांवर वेगवेगळे गट असतील, तर ते दोन रीतींनी बसवता येतात आणि या दोन रीती एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. टार्टारिक आम्लाच्या साखळीतल्या मधल्या दोन्ही कार्बनांवर हायड्रोजन, हायड्रॉक्सिल, आम्लगट आणि उरलेली अर्धी साखळी असे चार निराळे गट आहेत. म्हणजे बदल होऊ शकेल अशा जागा, म्हणजेच केंद्रे, दोन, आणि प्रत्येक जागी पर्याय दोन.

या पर्यायांना आज आपण ‘आर’ आणि ‘एस’ अशी अक्षरे लावतो. ती कशी लावायची याचे नियम कान, इन्गोल्ड आणि प्रेलॉग यांनी घालून दिले. चिंचेतले आम्ल आर-आर आहे. त्याला आरशासमोर धरले तर प्रत्येक केंद्र उलटते, एकही सुटत नाही, म्हणून प्रतिमा एस-एस. हीच दुसरी बाटली. ही दोघे एकमेकांची आरशातली रूपे आहेत आणि एकमेकांवर तंतोतंत बसवता येत नाहीत. या नात्याला एनॅन्शिओमर म्हणतात. उरले आर-एस आणि एस-आर. इथे रेणूची दोन्ही टोके सारखी आहेत, त्यामुळे आर-एस उलट्या टोकाकडून वाचले की एस-आर होते. दोन्ही एकच रेणू, आणि तोच मेसो. त्याचा एक अर्धा भाग दुसऱ्या अर्ध्याची आरशातली प्रतिमा असतो. एका अर्ध्याने प्रकाश जितका वळवावा तितकाच दुसरा मागे फिरवतो. मेसोची आरशातली प्रतिमा म्हणजे स्वतः मेसोच, म्हणून त्याचे दोन भाग पडण्याचा प्रश्नच नव्हता.

आता आर-आर आणि मेसो यांचे नाते पाहू. दोघांत एकच केंद्र उलटले आहे, दुसरे जागच्या जागी आहे. हे आरशातले नाते नव्हे. जोडणी तीच, मांडणी वेगळी आणि तरी आरशातली प्रतिमा नाही, अशा नात्याला डायस्टिरिओमर म्हणतात. म्हणजे चिंचेतले हे एकच आम्ल दुसऱ्या बाटलीशी एका नात्याने बांधलेले आहे आणि चौथीशी दुसऱ्या. सगळी केंद्रे उलटली तर एनॅन्शिओमर, काही उलटली आणि काही तशीच राहिली तर डायस्टिरिओमर. जोडी ओळखायला एवढे पुरते. फक्त मेसोसारखा रेणू दोनदा मोजला जात नाही ना, हे तपासायचे.

या दोन नात्यांत एवढे अंतर का पडते, हे सांगायला पाठ्यपुस्तके सहसा थांबत नाहीत. आरशाची प्रतिमा घेतली की रेणूतल्या कोणत्याही दोन अणूंमधले अंतर बदलत नाही. अंतरे तीच, कोन तेच, त्यामुळे अणूंचे एकमेकांना ओढणे-ढकलणे तेच आणि ऊर्जाही तीच. मग वितळबिंदू वेगळा येणार कुठून? डायस्टिरिओमरांत मात्र एकमेकांना न जोडलेल्या काही अणूंमधली अंतरे खरोखर बदललेली असतात. म्हणून वितळबिंदू, विद्राव्यता, आम्लाची तीव्रता, सगळेच थोडेफार हलते. खरे पाहिले तर डायस्टिरिओमर हे दोन स्वतंत्र पदार्थच आहेत आणि रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना स्वतंत्र नावेही दिली आहेत. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात चौथ्या कार्बनावरच्या मांडणीचाच फरक आहे. एफेड्रिन ४० अंशांच्या खालीच वितळते, तर एकाच केंद्राने वेगळे असलेले स्यूडोएफेड्रिन ११८ अंशांच्या सुमारास. सिंकोनाच्या सालीतून येणारे क्विनीन मलेरियावर दिले जाते आणि त्याचे डायस्टिरिओमर असलेले क्विनिडीन हृदयाचे ठोके नियमित करण्यासाठी वापरले गेले.

आपल्या पुस्तकांतल्या एका विभागणीबद्दल इथे बोलायलाच हवे. त्यांत भौमितिक समघटकता एका धड्यात आणि प्रकाशीय समघटकता दुसऱ्यात अशी वाटणी असते. विद्यार्थ्याचा समज होतो की सिस-ट्रान्सचे कुटुंब वेगळे आणि आरशाचे वेगळे. पण दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला दोन गट असलेला सिस रेणू आणि विरुद्ध बाजूंना असलेला ट्रान्स रेणू यांची जोडणी एकच आहे आणि ते एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा नाहीत. म्हणजे व्याख्येप्रमाणे तेही डायस्टिरिओमरच, आणि वागतातही तसेच. ऑलिइक आम्ल हे सिस. ते १३-१४ अंशांना वितळते, म्हणून आपल्या घरात ते तेल असते. त्याचे ट्रान्स रूप इलेडिक आम्ल ४५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे उन्हाळ्यातही घट्टच राहते. तेलात हायड्रोजन अर्धवट मुरवून वनस्पती तूप करताना काही सिस बंध ट्रान्स होतात. ट्रान्स फॅट म्हणतात ते हेच. हृदयविकाराशी त्याचा संबंध स्पष्ट झाल्यावर भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली.

डायस्टिरिओमर वेगळे करणे म्हणूनच फार अवघड नसते. कोणी लवकर विरघळतो, कोणी आधी स्फटिक होतो. एनॅन्शिओमर वेगळे करायचे तर यांतले काहीच कामाला येत नाही. प्रत्येक पदार्थाचे स्फटिक चिमट्याने निवडण्याइतके उपकारक नसतात. इथे पाश्चरनेच १८५३ मध्ये जी युक्ती काढली, तिला मी त्याच्या चिमट्याच्या कामापेक्षाही मोठी मानतो. माझा उजवा हात तुमच्या उजव्या हातात नीट बसतो, डाव्यात अवघडतो. माझे दोन हात एकमेकांची प्रतिमा असले, तरी ‘उजवा-उजवा’ आणि ‘उजवा-डावा’ या पकडी एकमेकींच्या प्रतिमा नाहीत. पाश्चरने नेमके हेच केले. रेसिमिक आम्लात त्याने सिंकोनाच्या अल्कलॉइडांपासून मिळालेला, एकाच हाताचा बेस मिसळला. उजव्या आम्लाचा क्षार आणि डाव्या आम्लाचा क्षार आता डायस्टिरिओमर झाले होते. त्यांतला एक आधी स्फटिक होऊन खाली बसला. तो गाळून घ्यायचा, बेस काढून टाकायचा आणि शुद्ध आम्ल हाती.

एनॅन्शिओमरांमधला भेद ओळखायला तिसरा कोणीतरी लागतो आणि तो स्वतः एका हाताचा असावा लागतो. आपले शरीर हाच असा तिसरा आहे. आपली प्रथिने ज्या अमिनो आम्लांनी बनतात ती एकाच हाताची असतात, त्यामुळे नाकातले, जिभेवरचे, पेशीवरचे ग्राहकही एकाच हाताचे. कार्व्होन नावाच्या रेणूचे दोन एनॅन्शिओमर आहेत. एक बाळंतशेपेच्या तेलात असतो, दुसरा पुदिन्यात. दोघांचा उत्कलनबिंदू एकच. पण बाळंतशेप दाताखाली आली की तोंडात भरणारा वास आणि पुदिन्याच्या चटणीचा वास यांची गल्लत कोणाच्याही हातून होत नाही. जे साध्या तापमापीला कळत नाही ते नाकाला कळते, कारण नाकातल्या ग्राहकाला चिकटल्यावर तयार होणाऱ्या दोन जोड्या डायस्टिरिओमर असतात.

औषधांत या भेदाला मोल चढते. क्षयरोगाच्या सरकारी उपचारात पहिल्या टप्प्यात दिल्या जाणाऱ्या चार औषधांपैकी एक एथॅम्ब्युटॉल. या रेणूतही दोन केंद्रे आहेत आणि दोन्ही टोके सारखी, म्हणजे टार्टारिक आम्लाचाच हिशेब: एस-एस, आर-आर आणि मेसो. क्षयाच्या जंतूवर जोर चालतो तो एस-एसचा. मेसो त्याच्या बराच मागे राहतो आणि आर-आर जवळजवळ निकामी. म्हणून गोळीत एस-एसच भरतात. रक्तदाबावरच्या अॅम्लोडिपिनमध्ये केंद्र एकच, त्यामुळे रूपे दोन आणि नाते फक्त आरशातले. काम मुख्यतः एस रूप करते. ते वेगळे काढायला टार्टारिक आम्लच वापरता येते. एकाच हाताचे टार्टारिक आम्ल घालून दोन रूपांचे डायस्टिरिओमर क्षार करायचे आणि एक आधी बसू द्यायचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विलगीकरणावर काम झाले आहे.

थॅलिडोमाइडची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते आणि बहुतेक वेळा अर्धवट. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध १९६१च्या अखेरीस तिथे मागे घेतले गेले, तोवर जगभर हजारो बाळे हातापायांच्या व्यंगांसह जन्मली होती. ‘चांगले रूप तेवढे दिले असते तर हे टळले असते’, असे वर्गावर्गांतून शिकवले जाते. ते खरे नाही. थॅलिडोमाइडच्या केंद्रावरचा हायड्रोजन सहज निसटतो आणि परत बसताना कोणत्याही बाजूने बसतो. शुद्ध एक रूप पोटात गेले तरी काही तासांत रक्तात दोन्ही रूपे असतात. कोणते रूप चांगले हे कळून भागत नाही, ते शरीरात तसेच टिकते का, हे आधी पाहावे लागते.

अक्षरांबद्दलही एक सावधगिरी ठेवावी. प्रकाश उजवीकडे वळला म्हणून केंद्र आर असेल असा नियम नाही. स्नायूंत तयार होणारे लॅक्टिक आम्ल प्रकाश उजवीकडे वळवते, पण केंद्राला हातही न लावता त्याचा क्षार केला की तो डावीकडे वळवतो. म्हणूनच कोणता रेणू प्रत्यक्षात कोणत्या हाताचा, हे फार काळ कोणालाच सांगता येत नव्हते. शर्करांची नाती उलगडणाऱ्या एमिल फिशरने १८९१ मध्ये दोन शक्य मांडण्यांपैकी एक गृहीत धरली. बरोबर निघण्याची शक्यता निम्मी होती. १९५१ मध्ये उट्रेख्टला बेय्फूट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टार्टारिक आम्लाचा सोडियम-रुबिडियम क्षार क्ष-किरणांखाली धरला आणि अणूंची खरी मांडणी पहिल्यांदा ठरवली. फिशरचे गृहीत बरोबर निघाले. तसे झाले नसते तर साठ वर्षांत छापलेली शर्करांची प्रत्येक आकृती उलटी करावी लागली असती.

आता एक प्रश्न उरतो, आणि वर्गातल्या हुशार मुलांना तो पडतोच. एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग फिरत असतात. मग मेसो टार्टारिक आम्लाचा एक भाग जरा फिरवला, तर त्या क्षणी दोन अर्धे एकमेकांसमोर आरशासारखे राहतात का? नाही राहत. त्या क्षणीचे रूप खरोखर एका हाताचे असते. पण त्याची प्रतिमा असलेले रूपही द्रावणात तितक्याच संख्येने असते आणि दोघे सेकंदाला कोट्यवधी वेळा एकमेकांत बदलत असतात. अशा रूपांना कॉन्फॉर्मर म्हणतात. त्यांच्यातही नाते एनॅन्शिओमरचे किंवा डायस्टिरिओमरचेच असते, फक्त ते बाटलीत भरता येण्याइतके टिकत नाही.

टिकणे आणि न टिकणे यांच्यात निसर्गाने रेघ आखलेली नाही, ती माणसांनी आखली. दोन मोठे वलयगट एकेरी बंधाने जोडलेले असतील आणि त्यांच्या कडेचे गट एकमेकांना फिरू देत नसतील, तर तो बंधही अडकतो. अशा अडकलेल्या रूपांचे अर्धे बदलायला निदान १,००० सेकंद लागत असतील, तर त्यांना वेगळी रूपे मानावे, असे जपानी रसायनशास्त्रज्ञ मिचिनोरी ओकी यांनी सुचवले. त्यांना अॅट्रोपआयसोमर म्हणतात. आरशातल्या जोडीसाठी चार वेगळे गट असलेला कार्बन हवाच असे नाही, हे इथे दिसते. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले, फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे सोटोरासिब हे औषध असेच आहे. त्यातला एक एकेरी बंध इतका घट्ट अडकला आहे की दोन रूपे वेगळी काढता येतात आणि वेगळीच राहतात. गोळीत त्यांपैकी एकच असते.